नकाशात नाही, तिथे मदत पोहोचेल कशी?

नकाशा म्हटला की विद्यार्थ्यांना भूगोलाचा पेपर आठवतो. नर्मदा दाखवा, सातपुडा रंगवा, काळ्या जमिनीचा प्रदेश रेघांनी भरा. पालकांना नकाशा आठवतो तो प्रवासात, मोबाईलवर. पण नकाशाचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो जीव वाचवण्याचा. पूर आला, दरड कोसळली, साथ पसरली की मदतीला धावणाऱ्यांना सर्वांत आधी नकाशा लागतो. आणि जिथे मदतीची गरज सर्वांत जास्त, तिथलाच नकाशा बहुधा कोरा असतो.

हा कोरा भाग भरण्याचे काम गेली वीसहून अधिक वर्षे जगभरातील सामान्य माणसे विनामोबदला करीत आहेत. त्यांत विद्यार्थी आहेत, शिक्षक आहेत, निवृत्त मंडळी आहेत, नोकरी सांभाळून रात्री तासभर बसणारेही आहेत. हे काम कसे चालते, आपल्या इंदूरशी त्याचे काय नाते आहे आणि आपल्या शाळेला त्यात काय करता येईल, हे या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

माळीण आणि इर्शाळवाडी

प्रथम आपल्या माणसांच्या दोन घटना पाहू. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण हे गाव दरडीखाली गाडले गेले. सुमारे दीडशे माणसे गेली. ही बातमी बाहेरच्या जगाला कळली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी.च्या चालकामुळे. रोज दिसणारे गाव आज जागेवर नाही, हे त्याने पाहिले. त्याला ते गाव माहीत होते, म्हणूनच ते नाहीसे झाल्याचे त्याला कळले.

दुसरी घटना १९ जुलै २०२३ च्या रात्रीची. रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या अंगाखांद्यावर असलेल्या इर्शाळवाडी या आदिवासी वाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचाव पथकांना मुसळधार पावसात, अंधारात, निसरड्या पायवाटेने डोंगर चढावा लागला. मोठी यंत्रे वर नेता येईनात, म्हणून माती हातांनी उपसावी लागली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसे बेपत्ता असतानाच शोधकार्य थांबवावे लागले.

नकाशा दरड थांबवत नाही, हे खरे. पण वाडीत घरे किती, वर जायची वाट कोणती, वाटेत ओढा लागतो का, जवळ सपाट जागा कोठे आहे, हे प्रश्न पहिल्या तासातच उभे राहतात. त्यांची उत्तरे गावकऱ्यांना आणि त्या वाटेने गडावर जाणाऱ्या गिर्यारोहकांना तोंडपाठ असतात. ती उत्तरे कागदावर आधीच उतरलेली असली, तर अनोळखी माणसालाही ती उपयोगी पडतात. नकाशा म्हणजे दुसरे काही नाही. एका माणसाला असलेली माहिती दुसऱ्याच्या हाती देण्याची ती युक्ती आहे.

सर्वांनी मिळून काढलेला नकाशा

२००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट या तरुणाने ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा उपक्रम सुरू केला. त्या काळी तिथल्या सरकारी खात्याचे नकाशे उत्तम होते, पण त्यांची माहिती वापरायची तर भरपूर पैसे मोजावे लागत. आपण राहतो त्या गल्लीचा नकाशा आपणच काढला आणि सर्वांना मोकळा ठेवला तर, हा साधा विचार या उपक्रमामागे होता. ज्ञानकोशाच्या क्षेत्रात विकिपीडियाने जे केले तेच हे नकाशाच्या क्षेत्रात झाले. आज या नकाशाच्या नोंदणीकृत सदस्यांची संख्या एक कोटीच्या पुढे आहे. सगळेच काम करतात असे नाही. पण ज्याला करावेसे वाटेल त्याला दार उघडे आहे.

या नकाशाचे मोल जगाला कळले ते हैती देशात. १२ जानेवारी २०१० रोजी तिथे ७.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि पोर्ट-ओ-प्रिन्स ही राजधानी कोसळली. त्या शहराचा कामाचा नकाशा कोणाकडेच नव्हता. उपग्रह कंपन्यांनी ताजी छायाचित्रे खुली केली आणि निरनिराळ्या देशांतील शेकडो स्वयंसेवक आपापल्या घरी संगणकासमोर बसले. छायाचित्रात दिसणारा प्रत्येक रस्ता, कोसळलेली इमारत, मोकळ्या जागेत उभारलेले तंबू त्यांनी नकाशावर आखले. काही दिवसांतच राजधानीचा असा तपशीलवार नकाशा तयार झाला की शोधपथकांनी तो आपल्या जीपीएस यंत्रांत भरून घेतला. त्याच वर्षी या कामासाठी ‘ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम’ ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. स्वयंसेवक तिला ‘हॉट’ असे म्हणतात.

नाव नसेल तर घर सापडत नाही

दूर बसून नकाशा काढण्याला एक मोठी मर्यादा आहे. आकाशातून छप्पर दिसते, पण नाव दिसत नाही.

२०१४ साली पश्चिम आफ्रिकेत इबोला या तापाची साथ आली. गिनी देशातील गेकेदू भागात काम करणाऱ्या डॉक्टरांनी स्वयंसेवकांकडे नकाशाची मागणी केली. ही साथ आटोक्यात आणायची तर प्रत्येक रुग्ण कोणाच्या संपर्कात आला, तो कोणत्या गावाहून आला, हे शोधावे लागते. रुग्ण आपल्या गावाचे नाव सांगे; पण ते गाव नकाशावर कोठे आहे हे सांगणारे कोणी नसे. स्वयंसेवकांनी रस्ते आणि घरे झपाट्याने आखली. पण गावांची नावे त्या भागात जाऊन, लोकांना विचारूनच घालावी लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकन रेड क्रॉस, ब्रिटिश रेड क्रॉस, ‘मेद्सां सां फ्राँतिए’ ही डॉक्टरांची संस्था आणि ‘हॉट’ यांनी ‘मिसिंग मॅप्स’ हा उपक्रम सुरू केला. संकट येण्याची वाट न पाहता, नकाशात नसलेल्या वस्त्या आधीच नोंदवून ठेवणे हा त्याचा हेतू.

‘आधीच’ या शब्दाचे महत्त्व नेपाळने दाखवले. २०१२ पासून काठमांडूतील तरुणांनी शहरातील शाळा, रुग्णालये, रस्ते यांची जागेवर जाऊन नोंद करायला सुरुवात केली होती. त्यातून पुढे ‘काठमांडू लिव्हिंग लॅब्ज’ ही संस्था उभी राहिली. २५ एप्रिल २०१५ रोजी भूकंप झाला तेव्हा ही मंडळी तयारीत होती. बाहेरचे हजारो स्वयंसेवक मदतीला आले. पण कोणत्या भागाचे काम आधी करायचे, हे सांगणारी माणसे नेपाळचीच होती.

हैती, गिनी आणि नेपाळ यांचा अनुभव एकच गोष्ट सांगतो. रेघ बाहेरचा माणूस काढू शकेल. नाव मात्र तिथल्या माणसालाच घालावे लागते.

इंदूरला हे नवे नाही

नकाशा हाती घेऊन लोकांच्या आरोग्यासाठी गल्लीबोळ तुडवण्याचा प्रकार इंदूरने शंभर वर्षांपूर्वीच पाहिला आहे. महाराजा तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या कारकिर्दीत, १९१७ साली, पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार इंदूरला आले. शहरात प्लेगची धास्ती होती. गेडिस साहेबांची पद्धत अशी की, आधी संपूर्ण शहर पायी फिरायचे, प्रत्येक आळी, विहीर, मोकळी जागा नकाशावर पाहायची आणि मगच उपाय सुचवायचा. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्याला त्यांचा विरोध होता. जिथे जरूर तिथे एखादे पडके घर हलवावे आणि बाकीचे सांभाळावे, असे त्यांचे मत होते. त्यांचा इंदूरचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. पुढे १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले.

गेडिस यांनी स्वतः सांगितलेली एक हकीकत बोलकी आहे. ते हातात नकाशा घेऊन रस्त्याने चालत असताना लोक त्यांच्याकडे बोट दाखवून काही बोलत होते. काय बोलतात म्हणून त्यांनी सोबत्याला विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की, प्लेग आणणारा म्हातारा साहेब तो हाच, असे ते म्हणत आहेत! लोकांना वाटे, हा माणूस कागदावर खुणा करतो म्हणजे आपली घरे पाडणार. नुसता नकाशा चांगला असून भागत नाही, तो कशासाठी आहे हे लोकांना पटले पाहिजे, हे गेडिस यांनी ओळखले. मग त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीची योजना केली. मिरवणूक ठरलेल्या मार्गाने न जाता, ज्या आळ्यांतील घरे सर्वांत स्वच्छ आणि दुरुस्त केलेली असतील त्यांतून जाईल, असे जाहीर झाले. घरोघर साफसफाई सुरू झाली. मिरवणुकीत सफाई करणाऱ्या बांधवांना मानाचे स्थान दिले गेले आणि शेवटी अस्वच्छतेच्या राक्षसाचे दहन झाले. गेडिस यांना पाहून बोटे दाखवणारे शहर त्यांच्यासोबत चालू लागले.

दुसरा प्रसंग अलीकडचा. १९८९ च्या सुमारास अभियंता हिमांशु पारीख यांनी इंदूरच्या गरीब वस्त्या नकाशावर मांडल्या. त्यांच्या ध्यानात आले की, बहुतेक वस्त्या कान्ह व सरस्वती या नद्यांच्या आणि नाल्यांच्या काठाने आहेत. पाणी उताराने जाते आणि वस्त्याही त्याच उतारावर आहेत. तेव्हा सांडपाण्याच्या वाहिन्या या वस्त्यांतूनच नेल्या, तर वस्त्यांची सोय होते आणि शहराचीही. सुटी सुटी बेटे वाटणाऱ्या वस्त्या नकाशावर एका माळेत ओवलेल्या दिसल्या. ब्रिटिश सरकारच्या मदतीने आणि इंदूर विकास प्राधिकरणामार्फत १८३ वस्त्यांत हे काम झाले. १९९८ साली त्याला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला.

या कामाची दुसरी बाजूही सांगायला हवी. नियोजनकार गीता देवान वर्मा यांनी २००२ साली आपल्या ‘स्लमिंग इंडिया’ या पुस्तकात या प्रकल्पावर कडक टीका केली. कागदावर जे उत्तम दिसले ते जागेवर तसे चालत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. यातून आपण एवढे घ्यावे की, नकाशा एकदा काढून संपत नाही. वाहिनी तुंबते, नळ बंद पडतो, नवे घर उभे राहते. नकाशा खरा ठेवायचा तर तिथे राहणाऱ्यांनी तो पुन्हा पुन्हा तपासला पाहिजे.

पुण्याच्या ‘शेल्टर असोसिएट्स’ या संस्थेने हेच सूत्र धरले. प्रतिमा जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे, सांगली, कोल्हापूर येथील वस्त्यांची घराघराची माहिती संगणकी नकाशावर आणली, आणि ती गोळा करण्यात वस्तीतील रहिवाशांनाच सहभागी करून घेतले. कोणत्या घरात शौचालय नाही आणि मैलावाहिनी तिथून किती दूर आहे, हे नकाशावर दिसू लागल्यावर घरोघरी शौचालये बांधणे सोपे झाले.

प्रत्यक्ष काम कसे चालते?

विद्यार्थी मित्रांनो, आता कामाची रीत पाहू. ती आठवीच्या मुलाला सहज जमण्यासारखी आहे.

ज्या भागाचा नकाशा हवा असतो त्याचे संगणकावर लहान लहान चौकोन पाडलेले असतात. स्वयंसेवक एक चौकोन घेतो. समोर उपग्रहाचे छायाचित्र दिसते. त्यावरून रस्त्याची रेघ ओढायची, घराच्या चारही कोपऱ्यांवर टिचकी मारून आकृती पुरी करायची आणि ही काय वस्तू आहे ते नोंदवायचे: घर, पायवाट, ओढा, विहीर. चौकोन पूर्ण झाला की दुसरा, अधिक अनुभवी स्वयंसेवक तो तपासतो. ही तपासणी फार महत्त्वाची असते. नवशिका कधी झाडाच्या सावलीला घर समजतो, कधी गवताच्या गंजीला. कोरडा नाला त्याला रस्ता वाटतो.

दुसरा टप्पा पायी करायचा. छापलेला नकाशा आणि पेन्सिल घेऊन त्या भागात जायचे आणि विचारायचे. हा हातपंप चालू आहे का? दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा असतो? या बोळातून रुग्णवाहिका जाईल की फक्त दुचाकी? पावसात पाणी कोठपर्यंत चढते? ही माहिती परत येऊन नकाशात भरायची. प्रत्येक जागेचे नाव निरनिराळ्या भाषांत नोंदवण्याची सोयही या नकाशात आहे. मराठी नावासाठी वेगळी जागा आहे. इंदुरातील जुने वाडे, बागा, घाट यांची आजी-आजोबांच्या तोंडी असलेली नावे अशा रीतीने टिकून राहू शकतात.

‘मोबाईलवर नकाशा असतोच, मग हा खटाटोप कशाला?’ असा प्रश्न पालक विचारतील. तो रास्त आहे. रोजच्या वापरातले ते नकाशे सोयीचे आहेत, पण ते कंपन्यांच्या मालकीचे आहेत. आपण ते पाहू शकतो. त्यामागची सर्व माहिती उतरवून घेऊन, हवी तशी छापून आपत्तीच्या कामात वाटण्याचा हक्क आपल्याला नसतो. शिवाय जिथे दुकाने आणि गिऱ्हाइके असतात तिथला नकाशा आपोआप भरत जातो. डोंगरावरची वाडी किंवा नाल्याकाठची वस्ती मागे राहते. मुक्त नकाशाची माहिती कोणीही घेऊ शकतो, छापू शकतो, इंटरनेट बंद पडले तरी फोनमध्ये साठवून वापरू शकतो. अट एवढीच की, श्रेय द्यायचे आणि त्यात सुधारणा करून ती प्रसिद्ध केली तर तीही मोकळी ठेवायची. त्याचप्रमाणे इतर कंपन्यांच्या नकाशांवरून नक्कल करून यात भरणे चालत नाही. परीक्षेत शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेत डोकावण्यासारखेच ते आहे!

काही पथ्ये

भारत सरकारने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी नकाशांविषयीचे नियम बरेच सैल केले आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण जाहीर केले. भारतीय नागरिकांना आता नकाशाच्या बहुतेक कामांसाठी आगाऊ परवानगी लागत नाही. तरीही संवेदनशील जागांची माहिती देण्यावर बंधने आहेत. आपल्या शेजारी महूची छावणी आहे. लष्करी जागांच्या वाटेला विद्यार्थ्यांनी मुळीच जाऊ नये. देशाच्या सीमांच्या बाबतीत भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशाच प्रमाण मानावा.

दुसरे पथ्य माणुसकीचे आहे. नकाशावर घर दाखवावे, पण त्यात कोण राहते, कोण आजारी आहे, कोणाकडे किती पैसा आहे, हे कधीही लिहू नये. वस्तीत जाण्यापूर्वी तिथल्या लोकांना सांगावे, विचारावे. नको म्हटले तर परत यावे. गेडिस साहेबांकडे पाहून इंदूरकरांना जी भीती वाटली ती आजही वाटू शकते. ज्याचे घर कागदोपत्री पक्के नाही त्याला नकाशाची भीती वाटणे साहजिक आहे.

आपली शाळा काय करू शकेल?

आम्ही विश्वस्त मंडळापुढे आणि पालकांपुढे एक छोटी सूचना ठेवतो. आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांनी, शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि पालकांच्या लेखी संमतीने, शाळेभोवतीचा एक किलोमीटरचा परिसर नोंदवावा. त्यात पिण्याच्या पाण्याच्या जागा, दवाखाने, औषधांची दुकाने, रुग्णवाहिका जाऊ शकेल असे रस्ते आणि पावसात पाणी साचणाऱ्या जागा एवढेच घ्यावे. शनिवारी एक तास संगणक कक्ष आणि महिन्यातून एकदा सकाळची पायी फेरी, एवढ्याने हे काम होईल. खर्च जवळजवळ काहीच नाही. तयार झालेला नकाशा छापून तो शाळेच्या फलकावर, जवळच्या दवाखान्यात आणि वस्तीतील ज्येष्ठांकडे द्यावा. दर पावसाळ्यापूर्वी पुढच्या वर्गाने तो तपासून सुधारावा.

याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. रात्री दोन वाजता १०८ ला फोन करणाऱ्या माणसाची कल्पना करावी. तो सांगतो, ‘पिंपळापासून डावीकडे, चक्कीच्या मागे.’ गाडीचा चालक त्या भागात नवा आहे. पिंपळ आणि चक्की आपल्याला ठाऊक आहेत, त्याला नाहीत. त्या दोन खुणा नकाशावर असणे किंवा नसणे यात दहा मिनिटांचा फरक पडतो, आणि हृदयविकाराच्या झटक्यात किंवा बाळंतपणात दहा मिनिटे फार असतात.

मुलांना यातून भूगोल शिकता येईल, संगणकही शिकता येईल. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, ज्या गल्लीतून ती रोज रिक्षाने जातात तिथे कोण राहते, तिथे नळाला पाणी किती वाजता येते, हे त्यांना कळेल. पालकहो, सुरुवात घरापासूनही करता येईल. या रविवारी मुलांना घेऊन आपल्याच मोहल्ल्यात एक फेरी मारा आणि वहीच्या पानावर नकाशा काढू द्या. नंतर तो शेजारच्या आजोबांना दाखवा. काय राहून गेले ते त्यांच्याइतके चांगले दुसरे कोणी सांगणार नाही. या योजनेविषयी आपले विचार, सूचना आणि शंका लेखी स्वरूपात शाळेच्या कार्यालयात अवश्य द्याव्यात. त्यांचा विचार करूनच पुढचे पाऊल टाकू.